घाव एकाचा, झळ घरादाराला

पाठीमागून कुणी खांद्यावर हात ठेवला तरी अंगावर काटा येतो. जोडीदाराने दोनदा फोन उचलला नाही की 'हाही सोडून जाणार' असं वाटू लागतं. मानसिक आघात सोसलेल्या अनेकांच्या घरात हे रोजचं असतं. पण नात्यांची ही पडझड आजाराचाच भाग आहे, असं वैद्यकशास्त्राच्या वहीत ठळकपणे लिहिलं जायला शतक उलटावं लागलं.

पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' (तोफगोळ्याचा धक्का) हा शब्द वापरला. खंदकातून परतलेले सैनिक थरथरत, कुणाची वाचा जाई, कुणाची स्मृती. तोफगोळ्याच्या धक्क्याने असं होतं, हा आधीचा समज. पण तोफेच्या आसपासही न गेलेल्यांत तीच लक्षणं दिसली, आणि अनेकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला.

खरी कलाटणी 1970 च्या दशकात मिळाली, आणि ती आघात सोसलेल्यांनीच दिली. न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाईम शातान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. त्याच काळात स्त्रियांचे गट बलात्काराबद्दल, घरातल्या अत्याचाराबद्दल उघड बोलत होते. 1974 मध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतरच्या लक्षणांची मांडणी केली. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर जडणारा ताणविकार, आला.

तरी एक कोडं उरलंच. युद्ध कधीतरी संपतं. पण मारणारा बापच असेल तर? ज्याच्या कुशीत शिरायचं, त्याचीच धास्ती. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये अशा दीर्घ, वारंवार होणाऱ्या आघाताला वेगळं नाव द्या म्हटलं. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं, असा बरं होण्याचा क्रम त्यांनी सांगितला. हे एकट्याने होत नाही, नात्यातच होतं, हा त्यांचा आग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटतो. थेरपिस्टने ठरल्या वेळी भेटणं, दिलेला शब्द पाळणं, हाही मग उपचारच ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी वर्गवारी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीत 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे हर्मन यांनी मागितलेलं वेगळं नाव आहे, आणि नाती टिकवण्यातली अडचण हे त्याचं एक मुख्य लक्षण.

दरम्यान जोडप्यांसाठीही थेरपी आली. मानसशास्त्रज्ञ कँडिस मॉन्सन यांच्या पद्धतीत दोघं मिळून, टाळलेल्या जागी जातात: गर्दीचा बाजार, नातेवाइकाचं लग्न. तोवर बायको 'यांना त्रास नको' म्हणून एकटीच जात आलेली असते.