पी५३ जास्त दिसतंय म्हणजे बरं आहे असं नाही

पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन आहे असं नेटवर वाचलं की तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधलं 'पी५३ पॉझिटिव्ह' बघून माणसाला हायसं वाटणारच, पण इथे सगळं उलटं आहे.

धडधाकट पेशीत पी५३ सतत बनतं आणि लगेच मोडलंही जातं, एमडीएम२ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला टिकूच देत नाही. डीएनएला इजा झाली की मात्र ते साठतं, पेशीचं विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती जमणारी नसेल तर पेशीलाच मरायला लावतं. आता तंबाखूमुळे पी५३ बनवणाऱ्या टीपी५३ या जीनमध्येच बिघाड झाला की बनणारं प्रोटीन बहुतेकदा निकामी असतं आणि वर मोडतही नाही, नुसता ढीग लागतो, म्हणून पी५३साठी रंगवलेल्या गाठीच्या तुकड्याच्या स्लाइडवर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात, तेच हे 'पॉझिटिव्ह'. कधीकधी बिघाड असा की प्रोटीनच बनत नाही, मग स्लाइड कोरी, पण तेही वाईटच! (१९७९ मध्ये सापडल्यावर दहाएक वर्षं शास्त्रज्ञही याला कॅन्सर घडवणारंच समजत होते, त्यामुळे आपण गोंधळलो तर नवल नाही.)

आपल्याकडे खर्रा, मावा, तंबाखू-चुना गालात धरून ठेवतात, त्यामुळे गाल-हिरड्यांचा कॅन्सर जास्त. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीचं एनआयबीएमजी या दोन संशोधन संस्थांच्या टीमने २०१३ मध्ये या गाठींचे जीन तपासले तर टीपी५३ होताच, सोबत फॅट१ आणि कॅस्प८ हे जीन पण बिघडलेले निघाले. गालातच एक व्हेरुकस नावाचा प्रकारही होतो, फुलकोबीसारखा वाढतो पण सहसा पसरत नाही, त्यात पी५३चा रंग बऱ्याचदा खालच्या थरापुरताच राहतो.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा एचपीव्हीचा (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा) कॅन्सर मात्र वेगळाच. तिथे जीन बहुधा शाबूत असतो, व्हायरसचं ई६ प्रोटीन तयार पी५३ तोडायला लावतं, आणि ई७ हे आरबी नावाच्या दुसऱ्या रक्षक प्रोटीनला निकामी करतं. आरबी गेलं की पी१६ नावाचं आणखी एक प्रोटीन भरमसाट वाढतं. पी१६ पण कॅन्सर रोखणारंच, पण इथे ते वाढलेलं दिसणं चांगलं, कारण हे पेशंट ट्रीटमेंटला सहसा छान प्रतिसाद देतात. पॅथॉलॉजिस्ट गाठीतल्या किमान ७० टक्के पेशी गडद दिसल्या तरच पी१६ पॉझिटिव्ह म्हणतात, आणि घशातल्या या कॅन्सरची स्टेजसुद्धा त्यावरून बदलते. गालाच्या कॅन्सरला हा हिशोब लागू नाही, तिथे पी१६ पॉझिटिव्ह आलं तरी स्टेज आहे तीच राहते.