आठवतंय की नुसतं माहीत आहे?

‘साकू’ म्हणजे पुरे. बेळगावात वाढलेल्या मराठी पोराला एवढं कन्नड येतंच. मलाही येतं. पण हा शब्द मला कुणी शिकवला, कधी, ते विचाराल तर मी गप्प.

उलट शहापुरातल्या एका मैत्रिणीच्या घरचं जेवण लख्ख डोळ्यापुढं आहे. तिची आई गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतेय, मी ‘बास, बास’ म्हणतेय, ती हसत आणखी वाढतेय. माझ्या पिवळ्या फ्रॉकवर शेंगाचटणीचा तेलकट डाग.

मराठीत दोन्हीला आपण ‘आठवतं’ म्हणून मोकळे होतो. नऊचा पाढा आठवतो आणि आजीही आठवते. एंडेल टल्विंग या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली ही दोन खाती वेगळी मांडली. एक घटनांची स्मृती, दुसरी अर्थाची. पहिलीत ठिकाण, वेळ, माणसं आणि तिथं हजर असलेले आपण असतो. दुसरीत नुसता ऐवज उरतो, पावती हरवलेली असते. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला झालं, गांधीजी अध्यक्ष होते, हे इथं शाळकरी पोरही सांगेल. ते त्याला माहीत आहे. आठवणार कसं?

हा फरक शब्दांपुरता नाही, हे के. सी. या नावानं ओळखल्या गेलेल्या रुग्णानं दाखवलं. १९८१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर मार बसला. त्यानंतरही तो बुद्धिबळ खेळायचा, अपघाताआधी शिकलेलं सांगायचा. पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला जसा घडला तसा आठवेना. आणखी चमत्कारिक म्हणजे उद्या काय करशील, याचंही चित्र त्याच्यापुढं उभं राहत नसे. मागं जायची आणि पुढं बघायची वाट एकच असावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

याच्या उलटा आजारही असतो. कानशिलामागचा मेंदूचा पुढचा भाग झिजत जातो तशी शब्दांची आणि वस्तूंची ओळख पुसट होते. कालचं बोलणं बऱ्यापैकी लक्षात असतं, पण मेंढी म्हणजे काय, हे सांगता येत नाही. मांजर, बकरी, सगळ्यांना कुत्राच म्हटलं जातं.

प्रसंग आठवताना मेंदू डबा उघडून फोटो काढत नाही. चेहरा, आवाज, वास मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतात. कानशिलाच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस त्यांची मोट बांधतो. एक धागा सापडला, भाकरीचा वास आला, की बाकीचं मागून येतं. जे येत नाही ते आपण अंदाजानं भरतो, आणि ते भरलेलं आपल्याला कळतही नाही.

(मांडे करणाऱ्या बाईचा हात हे तिसरंच खातं. उपड्या घागरीवर एवढा पातळ मांडा कसा टाकता, असं विचारलं तर ‘बघा की’ म्हणून ती करून दाखवते.)

या दोन खात्यांत ये-जाही चालते. पावसात खानापूरला मी कितीदा गेले असेन. एकेक फेरी आता वेगळी काढता येत नाही. खानापूरच्या पावसात छत्रीचा उपयोग नाही, एवढंच ज्ञान शिल्लक आहे. प्रसंगांची आटून आटून माहिती झाली, दुधाचा कुंदा व्हावा तशी.

दुसऱ्या दिशेनंही होतं, आणि ते जास्त फसवं. शंभरदा ऐकलेली गोष्ट आपण पाहिल्यासारखी वाटायला लागते. परवा ताईला ते शहापूरचं जेवण सांगितलं. ती म्हणाली, “तू कुठली गं तिथं? मी गेलते. डाग मलाच पडला, आणि आईनं किती बोलून घेतलं!”

मी भांडले. भाकरी आठवते, लोणी आठवतं, त्या बाईंचं हसणं आठवतं. फ्रॉक मात्र आधी ताईचा होता, डागासकट माझ्याकडं आला, हे मला माहीत आहे.