खोदलेल्या प्लॉटची माती नाल्यात का जाते?

काळ्या मातीच्या प्लॉटवर पायासाठी घेतलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचले की त्यातले लिटरभर काचेच्या बरणीत भरा, खळखळून हलवा आणि बरणी कट्ट्यावर ठेवून द्या. मुरुमाची कणी आणि वाळू अर्ध्या-एक मिनिटात तळाला बसते. तासाभरात तिच्यावर पोयट्याचा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कणांचा, तपकिरी थर चढतो. वरचे पाणी मात्र संध्याकाळपर्यंत गढूळच राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळीही आरपार दिसत नाही.

कण पाण्यात किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट घटतो. एक मीटर खोल स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण साधारण दोन मिनिटांत तळ गाठतो. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण तीन दिवसांहून अधिक वेळ घेतो, तोही पाणी अजिबात हलले नाही तर. दख्खनच्या काळ्या मातीत अशा चिकण कणांचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे बांधकामावरची धूप रोखायचा कोणताही नियम वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा नियम माती जागेवर धरतो, की पाण्यात मिसळल्यावर तिच्यामागे धावतो?

पाणी किती येते याचा अंदाज सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०५० चौरस मीटर. एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एकरावर दोन लाख लिटर पाणी येते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. गवताळ माळावर त्यातले बरेचसे मुरते. जेसीबी आणि डंपरच्या चाकांनी दाबलेल्या उघड्या जमिनीवर निम्मे किंवा त्याहून जास्त वाहून जाते, तेही तासाभरात.

हे पाणी वाहू लागण्याआधीच नुकसान सुरू झालेले असते. वळवाचा पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या वेगाने आपटतो. त्या माऱ्याने ढेकूळ फुटते, सुटे झालेले बारीक कण भेगांत आणि छिद्रांत बसतात, जमिनीवर पापुद्रा तयार होतो आणि मुरण्याचा वेग झपाट्याने घटतो. म्हणून मृगाच्या आधीचे दोन-तीन वळीव उघड्या प्लॉटला सर्वांत महागात पडतात. मातीचा प्रकार आणि पावसाचा जोर आपल्या हातात नसतो. हातात असतात तीन गोष्टी: एका वेळी किती जमीन उघडी करायची, उताराची सलग लांबी किती ठेवायची आणि जमिनीवर काय पसरायचे.

महाराष्ट्रात यासंबंधीचे नियम वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कापणी, सपाटीकरण आणि भरावाला मनाई आहे. पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे सुमारे अकरा अंश. शेजारच्या गोव्यात नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि वरची २० सेंटिमीटर सुपीक माती काढून वेगळी साठवायची अट त्या मंजुरीत असते. हवेतली धूळ प्रमाणाबाहेर असलेल्या शहरांत सैल माती आणि वाळू उघडी ठेवायला २०१८ पासून बंदी आहे. तो नियम धुळीसाठी केला असला तरी पावसाळ्यात त्याच ताडपत्रीचा उपयोग होतो.

यातला प्रत्येक नियम मोलाचा आहे. पण उताराची मर्यादा एकदा तपासली जाते, मंजुरी एकदा मिळते. परवानगी मिळालेल्या पंधरा गुंठ्यांच्या प्लॉटवर माती जूनमध्ये किती दिवस उघडी राहिली, हे त्यांतून ठरत नाही. प्लॉटबाहेर नेलेल्या मुरुमाचा हिशेब ब्रासमध्ये (शंभर घनफुटांचे माप) होतो. तोच मुरूम पाण्याबरोबर नाल्यात गेला की कुणाच्याच वहीत येत नाही.

अमेरिकेतले नियम याच बाबतीत नेमके आहेत. तिथे एक एकर किंवा अधिक जमीन उकरायची असेल तर आधी परवाना लागतो. अनेक शहरे आणि काउंट्या (तिथले जिल्हे) त्यावर स्वतःचे नियम घालतात, ठेव भरून घेतात आणि निरीक्षक काम थांबवू शकतो. संघराज्याच्या पर्यावरण संस्थेच्या २०२२ च्या सर्वसाधारण परवान्यात मुदती दिवसांत मोजलेल्या आहेत. एखाद्या भागातले काम १४ दिवस किंवा अधिक थांबणार असेल तर तो भाग झाकायला लगेच सुरुवात करायची. एका वेळी पाच एकरांपर्यंत जमीन उघडी असेल तर १४ दिवसांत झाकून पूर्ण करायची, जास्त असेल तर ७ दिवसांत. पाहणी दर सात दिवसांनी, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाल्यावर चोवीस तासांच्या आत. चाकांबरोबर रस्त्यावर आलेला चिखल त्याच दिवशी काम संपण्याआधी उचलायचा. पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. हा आकडा पाळायचा तर प्लॉटवर पर्जन्यमापक आणि वही लागतेच.

आपल्या पावसाशी अधिक जवळचे उदाहरण सिंगापूरचे. तिथे बांधकामावरून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगते कण लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत, आणि मोठ्या प्लॉटच्या निचऱ्याच्या तोंडावर कॅमेरा असतो. ही मर्यादा नुसत्या साठवण खड्ड्याने गाठता येत नाही. का, ते पाहू.

पुण्यात तळघर खणताना पंप लावून खड्ड्यातले पाणी थेट पावसाळी गटारात सोडलेले सर्रास दिसते. काही ठिकाणी मध्ये तीन कप्प्यांची टाकी बांधतात. समजा पंप सेकंदाला १० लिटर पाणी काढतो. वाहत्या पाण्यातून कण खाली बसेल की नाही हे टाकीच्या खोलीपेक्षा तिच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. टाकी खोल केली तर पाणी आत जास्त वेळ थांबते, पण कणालाही तितकेच जास्त अंतर उतरावे लागते. तीन मीटर बाय दोन मीटरची टाकी या पंपापुढे सुमारे ०.०४ मिलिमीटरपर्यंतचेच कण अडवते, म्हणजे वाळू आणि जाडसर पोयटा. ०.०१ मिलिमीटरचा कण बसवायला सुमारे ११० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याहून थोडी अधिक जागा लागेल. चिकणमातीसाठी २७ गुंठे! शहरातल्या प्लॉटवर एवढी जागा कुठून येणार?

इथे घरातली तुरटी कामाला येते. चिकण कणांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटीतले धन प्रभाराचे ॲल्युमिनियम तो प्रभार शमवते, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि मोठ्या कणाच्या वेगाने खाली बसतात. मात्रा अंदाजपंचे घालू नये. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. पाच बरण्यांत खड्ड्यातले एकेक लिटर पाणी घ्या आणि त्यांत या द्रावणाचे २, ४, ६, ८ आणि १० मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटे हळूहळू, आणि अर्धा तास हात लावू नका. जी सर्वांत कमी मात्रा पाणी नितळ करते ती घ्यायची. चार मिलिलिटरची बरणी नितळली तर दर लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला ४०० ग्रॅम. तुरटीने पाण्याचा सामू (pH) उतरतो. तो सहाच्या खाली गेला तर विरघळलेले ॲल्युमिनियम माशांना घातक ठरते, म्हणून सोडण्याआधी सामूची पट्टी बुडवून पाहायची. काँक्रीट मिक्सर धुतलेले पाणी या टाकीत कधीच घेऊ नये. त्याचा सामू बाराच्या आसपास असतो. त्यासाठी प्लास्टिक अंथरलेला वेगळा खड्डा हवा. पंपाचे तोंडही तळाशी टेकवू नये. रिकाम्या ड्रमला बांधून ते पाण्याच्या वरच्या थरात तरंगत ठेवले की निम्मे काम तिथेच होते.

एवढा खटाटोप वाचवायचा तर माती पाण्यात जाऊच न देणे स्वस्त पडते, आणि त्याची तयारी मे महिन्यात करावी लागते. वरच्या अंगाने येणारे बाहेरचे पाणी प्लॉटमध्ये शिरण्याआधी चर खणून बाजूने वळवायचे. गावच्या पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणलेला मजूर हे अचूक करतो, फरक इतकाच की मुरवायच्या चराला उतार नसतो आणि वळवायच्या चराला थोडा द्यावा लागतो. शंभर मीटरला अर्धा ते एक मीटर पुरे. जास्त उतार असेल तर चरात दगडांचे छोटे बांध घालायचे. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा १५ सेंटिमीटर खाली ठेवायचा, नाहीतर पाणी कडेने जाऊन काठ खाते. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आले की अंतर बरोबर.

उघड्या उतारावर भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट एकरी दोन टन, म्हणजे गुंठ्याला ५० किलो, पसरले की थेंबाचा मारा पेंढ्यावर पडतो आणि माती शाबूत राहते. पसरल्यावर जमीन सर्वत्र झाकलेली दिसली पाहिजे. ठिकठिकाणी काळे डाग दिसत असतील तर पेंढा कमी पडला आहे. वाऱ्याने उडू नये म्हणून पाणी मारून वरून सुतळी ताणावी. तीव्र उतारावर काथ्याची जाळी अंथरायची. ती चौरस मीटरला ४०० ते ९०० ग्रॅम वजनात मिळते, आणि उतार जितका तीव्र तितकी जड घ्यावी. जाळी वरच्या काठाला चरात पुरून खुंट्या मारायच्या आणि मातीला घट्ट टेकलेली ठेवायची. मध्ये पोकळी राहिली की पाणी जाळीखालून ओघळ्या पाडते आणि वरून काहीच दिसत नाही.

गेटवर १५ मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर जाड, ५० ते ७५ मिलिमीटर खडीचा पट्टा घालायचा. काळ्या मातीवर खडीखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड) अंथरले नाही तर दोन आठवड्यांत खडी चिखलात गडप होते.

सर्वांत खालच्या कडेला गाळ अडवणारे कापडी कुंपण. याच्याबद्दल फार गैरसमज आहेत. बांधकामाला लावतात ती हिरवी जाळी या कामाची नव्हे, तिच्या भोकांतून पोयटा आरामात निघून जातो. विणलेले जिओटेक्स्टाइल हवे, जमिनीवर ६० ते ९० सेंटिमीटर उंच, दोन-दोन मीटरवर खांब. कापडाची खालची कड १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती ठोकून बसवली नाही तर पाणी खालून पळते. कुंपण फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. ते समपातळीत न्यायचे आणि दोन्ही टोके चढाच्या बाजूला वळवायची. तीस मीटर कुंपणामागे पाव एकरापेक्षा जास्त उताराची जमीन नको. नाल्यात आडवे तर कधीच लावू नये, पहिल्या पुरात ते खांबांसकट जाते. गाळ निम्म्या उंचीला येण्याआधी काढायचा. आणि इतके करूनही हे कुंपण चिकणमाती अडवत नाही, म्हणून पेंढा आधी, कुंपण नंतर.

मातीचे ढीग नाल्यापासून दूर, दोन मीटरपेक्षा कमी उंच, वर ताडपत्री, पायथ्याशी भरलेल्या पोत्यांचा बांध.

हे सारे काढायचे केव्हा, याचेही उत्तर अमेरिकी परवान्यात आहे. त्या परिसरात निसर्गतः जेवढे कायमचे हिरवे आच्छादन असते त्याच्या ७० टक्के प्लॉटवर एकसारखे आले की परवाना बंद करता येतो. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला मारवेल, पवन्या ही गवते पेरली आणि समपातळीत वाळ्याच्या ओळी लावल्या तर सप्टेंबरपर्यंत जमीन झाकते. इमारत मार्चमध्ये पूर्ण झाली असेल तर बाजूची माती पुढच्या जूनपर्यंत उघडीच असते. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र हातात आले तरी खालच्या कडेचे कुंपण आणि उतारावरचा पेंढा त्या वर्षीच्या गणपतीपर्यंत जागेवर ठेवावा लागतो.