वयस्क कुत्र्याने जेवण सोडल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाणे आणि घोडबंदर रोड परिसरात आम्ही पाळीव प्राण्यांचे खाद्य घरपोच देतो. “हा हल्ली खात नाही, जरा चवदार काही पाठवा,” अशी मागणी आमच्याकडे वरचेवर येते. नवी पिशवी पाठवणे आम्हाला सोपे आहे. परंतु दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याने भांड्याकडे पाठ फिरवली, तर त्यामागे बहुधा चवीपेक्षा दुखण्याचा प्रश्न असतो. म्हणून खाद्य बदलण्याआधी कारण शोधावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

कुत्रा भांड्यापाशी कसा वागतो, हे नीट पाहावे. तो उत्सुकतेने येतो, हुंगतो, दाणा तोंडात घेतो आणि खाली टाकतो किंवा एकाच बाजूने चावतो, तर दातांवरचे किटण, हलणारा दात किंवा सुजलेल्या हिरड्या हे कारण असू शकते. वासानेच तो तोंड फिरवत असेल, सारखे ओठ चाटत असेल, तर मळमळ असावी; त्याच्या जोडीला पाणी पिणे व लघवी वाढली असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी लांबवू नये. पावसाळ्यात गोचीड तापाचीही शंका घ्यावी. मान व सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवर पाय सरकत असताना वाकून खाणे जड जाते. अशा वेळी भांडे छातीच्या उंचीच्या थोडे खाली येईल अशा पाटावर ठेवून कुत्र्याच्या पायांखाली रबरी चटई घातली, तर त्याला खाणे सोपे जाते.

वयानुसार कुत्र्याची वास घेण्याची शक्ती मंदावते. त्यामुळे ओले खाद्य कोमट करून, हाताला गरम लागणार नाही याची खात्री करून द्यावे. कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी किंवा मीठ-मसाला, कांदा व लसूण न घालता उकळलेल्या चिकनचे पाणी ओतून ते मऊ होऊ द्यावेत. दिवसाचे जेवण तीन-चार वेळांत विभागावे आणि वीस मिनिटांनी उरलेले उचलून ठेवावे. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पिशवीतील दाण्यांची चरबी खवट होते. आपल्याला तो वास जाणवत नसला तरी कुत्र्याला जाणवतो, म्हणून पिशवीचे तोंड घट्ट बंद करून ती कोरड्या जागी ठेवावी.

बळजबरीने, विशेषतः पिचकारीने, घशात अन्न ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधे मनाने कधीही देऊ नयेत. मधुमेही कुत्रा जेवला नसेल, तर इन्सुलिन देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यकांकडे न्यावे. सतत उलट्या, पोट फुगणे, काळी शौच, फिकट हिरड्या, धाप किंवा पाणीही न पिणे यांपैकी काही दिसल्यास तितकेही थांबू नये. नसबंदी न झालेल्या मादीच्या योनीमार्गातून स्राव होत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते आणि तातडीने उपचार लागतात. जाताना शेवटचे जेवण केव्हा झाले, उलटी-शौच कशी होती आणि कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे.

डॉक्टरांनी वेगळे खाद्य सुचवल्यास त्यांची चिठ्ठी आम्हाला दाखवावी. आमच्याकडून घेतलेली न उघडलेली पिशवी आम्ही बदलून देऊ.