हॅले मागे वळला तेव्हा

डिसेंबर 2023 मध्ये पेपरात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. हॅलेचा धूमकेतू 9 डिसेंबरला आपल्या कक्षेच्या सगळ्यात लांबच्या टोकाला, म्हणजे अपसूर्य बिंदूला पोचला आणि तिथून सूर्याकडे परत निघाला. हे टोक नेपच्यूनच्याही पलीकडे, सूर्यापासून सुमारे 525 कोटी किलोमीटरवर आहे. फेब्रुवारी 1986 मध्ये सूर्याला वळसा घालताना तो सेकंदाला 54 किलोमीटर धावत होता. या टोकाला त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्याही आत आला होता. मी ती बातमी कापून ठेवली. तेव्हा मी 51 वर्षांची होते, आणि चौदाव्या वर्षी ठरवलेली एक गोष्ट करायची राहून गेली होती.

एप्रिल 1986. साताऱ्यात आमच्या गच्चीवर बाबांनी मध्यरात्रीनंतर मला उठवून नेलं. अमावास्या नुकतीच झालेली, त्यामुळे आभाळ काळंभोर होतं. दक्षिणेला, वृश्चिकेच्या उजव्या हाताला पिंजलेल्या कापसासारखा एक पुसट डाग होता. तो हॅले. त्या खेपेला तो सूर्याला वळसा घालत होता तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडच्या अंगाला होती, म्हणून गेल्या दोन हजार वर्षांतलं ते सगळ्यात फिकं दर्शन ठरलं. शेजारच्या काकू सकाळी आईला म्हणाल्या, "पोरीला शेंडेनक्षत्र कशाला दाखवलंत? घरावर अरिष्ट येतं." 1910 मध्ये तर शिकलेली माणसंसुद्धा घाबरली होती. शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आहे आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार, एवढं कळल्यावर लोकांनी धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकत घेतल्या. शेपटी इतकी विरळ असते की आपल्या हवेतून काही आत येण्याचा प्रश्नच नव्हता. अर्धवट ऐकलेलं विज्ञान आणि जुनी भीती एकत्र आली की गोळ्या विकणाऱ्याचं फावतं. हे आजही तसंच चालतं, म्हणून मला त्याचा राग येतो.

त्या रात्री मी वहीत लिहिलं होतं: "दुर्बीण स्वतः बनवणार. आरसासुद्धा." मग दहावी आली, कॉलेज आलं, नोकरी, लग्न, मुलं. वही मात्र टिकली.

गेल्या वर्षी काच आणली तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, चाळशी लागली तुम्हाला, आता कसली दुर्बीण?" हा समज इतक्या जणांकडून ऐकलाय की आधी त्याबद्दलच लिहिते. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, त्यामुळे जवळचं बघायला लागणारा फुगीरपणा त्याला येत नाही. वाचायला चष्मा लागतो तो यासाठी. पण दुर्बिणीच्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) बाहेर पडणारे किरण समांतर असतात, म्हणजे डोळ्याला ते फार लांबून आल्यासारखेच. तिथं भिंगाने फुगायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट बाहुलीची. चौदाव्या वर्षी अंधारात बाहुली साधारण 7 मिलिमीटर उघडते, पन्नाशीत 5 च्या आसपास. क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे डोळ्यात जाणारा प्रकाश निम्मा झाला. नुसत्या डोळ्यांनी तो कापसाचा डाग आज मला आणखीच पुसट दिसला असता. पण 150 मिलिमीटर व्यासाचा आरसा 5 मिलिमीटरच्या बाहुलीच्या 900 पट प्रकाश गोळा करतो. 48 पट मोठं दाखवणारी नेत्रिका लावली तर तो सगळा प्रकाश 150 भागिले 48, म्हणजे जेमतेम 3 मिलिमीटर जाडीच्या झोतात बाहेर येतो. हा झोत चौदा वर्षांच्या मुलीच्या बाहुलीत मावतो आणि माझ्याही मावतो. मोतीबिंदू नसेल तर त्या आरशापुढे आम्हा दोघींच्या वाट्याला सारखाच प्रकाश येतो. हा भागाकार पहिल्यांदा केला त्या दिवशी मी तो कागद देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवला.

आता आरसा. मला सांगायचंय ते खरं हेच.

सारख्या मापाच्या दोन गोल काचा घ्यायच्या. खालची घट्ट बसवायची, वर कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड आणि पाणी टाकायचं, आणि दुसरी काच तिच्यावर पुढे-मागे घासायची. वरची काच पुढे सरकते तेव्हा ती काठाबाहेर लोंबते, तिचा भार खालच्या काचेच्या कडेवर येतो आणि वरच्या काचेचा मधला भाग झिजतो. हळूहळू वरची खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. एवढं सहज पटतं. पण ती खोली नेमकी गोलाचाच तुकडा का होते? कोणी साचा दिलेला नाही, यंत्र नाही, हात माझे.

आजीचा पाटा आठवा. वरवंटा कायम एकाच दिशेने चालतो, म्हणून पाटा लांबीच्या दिशेने पन्हळीसारखा झिजतो. वरवंटा आडवा धरला तर त्या पन्हळीत नीट बसणार नाही, कडांवर अडकेल. सहाणेचं वेगळं. चंदनाचं खोड गोल फिरतं, हाताची दिशा बदलत राहते, म्हणून तिच्या मध्ये वाटीसारखा खळगा पडतो. आरसा घासताना हेच मुद्दाम करायचं. काही फेऱ्या मारल्या की काच थोडी वळवायची आणि स्वतः पाऊलभर सरकायचं. मी गॅलरीत पाण्याने भरलेलं पिंप ठेवलं होतं, त्याभोवती फिरत राहायचे. दोन पृष्ठभाग कुठल्याही दिशेला सरकवले, कसेही वळवले तरी पूर्ण चिकटून राहतील असे फक्त गोलाचेच असू शकतात (सपाट काच म्हणजे अनंत त्रिज्येचा गोलच). गोलापासून ढळलेला प्रत्येक उंचवटा पुढच्या फेरीत समोरच्या काचेवर आपटतो आणि तोच आधी झिजतो. हाताची चूक कधी इकडे, कधी तिकडे पडते आणि हजारो फेऱ्यांत त्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पूड जाडी असली की काच खरखरते. बारीक पुडीवर आली की तो आवाज उतरून नुसती सळसळ राहते, आणि ती एकसारखी झाली की गोल जमला.

माझ्या आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून ताऱ्याचे किरण जुळतात तिथपर्यंतचं) 1200 मिलिमीटर, म्हणजे वक्रता त्रिज्या (ज्या गोलाचा तो तुकडा, त्याची त्रिज्या) 2400. मधली खोली निम्म्या व्यासाच्या, म्हणजे 75 च्या वर्गाला 4800 ने (त्या त्रिज्येच्या दुपटीने) भागून येते: 1.17 मिलिमीटर. महिनाभर घासून एवढाच खळगा! पण गोल पुरत नाही. गोल आरशाच्या काठावरचे किरण मधल्या किरणांच्या जरा अलीकडे जुळतात. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूवर आणायचा तर अन्वस्त (पॅराबोला) आकार हवा. या आरशात गोल आणि अन्वस्त मध्याशी जुळवून ठेवले तर काठावर त्यांच्यातला फरक सुमारे 0.3 मायक्रॉन असतो. केसाची जाडी 70 मायक्रॉन धरली तर त्याच्या दोनशेतिसाव्या हिश्श्याहून थोडा कमी. आणि उरलेली चूक 70 नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाच्या आत हवी. हे घरात मोजायचं कशाने?

दाढीच्या ब्लेडने. फूको नावाच्या फ्रेंच भौतिकतज्ज्ञाने 1850 च्या दशकाच्या शेवटी ही युक्ती काढली. आरशासमोर बरोबर वक्रता त्रिज्येइतक्या अंतरावर दिव्याचं बारीक छिद्र ठेवायचं. गोल आरसा तो प्रकाश परत छिद्राशेजारीच एका बिंदूत आणतो. डोळा त्या बिंदूमागे ठेवायचा आणि ब्लेडची धार हळूच आत सरकवायची. आरसा निर्दोष गोल असेल तर सगळा एकदम करडा होतो. कुठे उंचवटा असेल तर तिथला किरण वाकडा येतो, ब्लेडवर आधीच अडतो किंवा निसटतो, आणि आरशावर डोंगरदऱ्यांसारख्या सावल्या दिसतात. ही पद्धत इतकी तीक्ष्ण का, याचं उत्तर अंतरात आहे. पृष्ठभाग एका ठिकाणी लाखात एक एवढाच कललाय असं धरा. परावर्तित किरण दुप्पट वळतो, आणि 2400 मिलिमीटर लांब येईपर्यंत 0.048 मिलिमीटर सरकलेला असतो. केसाच्या जाडीच्या आसपासचं हे सरकणं ब्लेडची धार सहज पकडते. तिथे प्रकाशच तराजूच्या लांब दांडीचं काम करतो.

एका रात्री हॉलमध्ये आरसा आणि बेडरूमच्या दारात ब्लेड, अशी मांडणी करून मी अंगठा दहा सेकंद काचेवर टेकवला. मग डोळा लावला. अंगठ्याच्या जागी एक टेकडी उभी होती, सावलीसकट. अंगाच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. काही मिनिटांत ती माझ्यादेखत विरली. त्या रात्री मी झोपले नाही.

सिरियम ऑक्साइड ही चकाकी आणणारी पूड आणि डांबरी थर यांवरच्या शेवटच्या घासाईत माझा काठ घसरला होता, म्हणजे कडेला काच जास्त झिजली होती. पुन्हा मागे जाऊन सहा आठवडे घालवले. विल्यम हर्शेल हा बाथ शहरातला चर्चचा ऑर्गनवादक, तिशीच्या मध्यावर आरसे घासायला लागला. तो हात सोडू शकत नसे तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची, एकदा तर सलग 16 तास. 13 मार्च 1781 ला, वयाच्या 42 व्या वर्षी, स्वतः घासलेल्या 6.2 इंची आरशातून त्याला एक गोल ठिपका दिसला. त्याला वाटलं धूमकेतू. तो युरेनस होता.

बाजारात 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीवर "525 पट" लिहून ती मुलांना विकतात. मिलिमीटरला दोन पट हीच कामाची मर्यादा, म्हणजे 120. त्यापुढे प्रतिमा मोठी होते आणि नुसती धूसर होते. पोरांचा विरस होऊन दुर्बीण माळ्यावर जाते. घ्यायचीच तर आरशाचा किंवा भिंगाचा व्यास विचारा.

22 ऑक्टोबर 2025, पाडव्याची पहाट. ठोसेघरच्या अलीकडे भावाचं शेतघर आहे, तिथं दुर्बीण मांडली. ढग येत-जात होते. मृगाच्या बाजूने उल्का पडत होत्या. दर ऑक्टोबरात पडणाऱ्या या उल्का म्हणजे हॅलेनेच पूर्वीच्या फेऱ्यांत सांडलेली धूळ, सेकंदाला 66 किलोमीटरने हवेत घुसून पेटणारी. कृत्तिकांच्या जरा दक्षिणेला युरेनस सापडला. हिरवट निळा, बारीक, पण बिंदू नव्हे, चकती.

बाबा 83 वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा काढून त्यांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि आपला तो कुठंय आता?"

मी हात करून दाखवलं. प्रश्वा (प्रोसियन) ताऱ्याच्या खाली, वासुकी तारकासमूहाच्या डोक्याजवळ. माझ्या आरशाच्या आवाक्यात तो येणं शक्यच नव्हतं, तिथं नुसता अंधार होता. बाबा पायऱ्यांवर बसून तिकडेच बघत राहिले, ढग येईपर्यंत.