पीएफडी की पी अँड आयडी: लाइन खोलण्याआधी कोणता कागद उघडायचा?

तारापूर, लोटे किंवा रसायनीच्या एखाद्या प्लांटवर नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरच्या हातात पहिल्या आठवड्यात दोन ड्रॉइंग पडतात: पीएफडी आणि पी अँड आयडी. दोन्हींत टाक्या, पंप आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. दुसरं ड्रॉइंग म्हणजे पहिल्याचीच गिचमीड आवृत्ती, असं वाटून जातं. या गैरसमजाची मला खरोखर भीती वाटते.

पीएफडी, म्हणजे प्रोसेस फ्लो डायग्रॅम, प्रक्रिया समजावते: कच्चा माल कुठून येतो, रिअ‍ॅक्टरमध्ये तापमान आणि दाब किती, तासाला किती किलो माल कुठे जातो. प्लांट शिकायला तिच्यासारखं साधन नाही.

पण पंप उघडायचा आहे आणि आत ज्वलनशील सॉल्व्हंट आहे, तर पीएफडी मुकी आहे. कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी भरीव चकती, कुठे टाकायचा, उरलेला माल कोणत्या ड्रेनमधून काढायचा, हे पी अँड आयडीतच, म्हणजे पाइपिंग अँड इन्स्ट्रुमेंटेशन डायग्रॅममध्येच, मिळतं. तिथे प्रत्येक लाइनला नंबर, साइझ आणि मटेरियल असतं. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून सुटलेली वाफ कुठे जाते तेही. गोलात ‘पीटी’ म्हणजे दाब मोजणारा ट्रान्समीटर. ‘एलआयसी’ म्हणजे पातळी दाखवणारा आणि सांभाळणारा कंट्रोलर. त्याच्या गोलात मधून सलग आडवी रेघ असेल, तर ऑपरेटरला तो कंट्रोल रूममध्ये दिसतो.

कंट्रोल व्हॉल्व्हजवळची ‘एफओ’ किंवा ‘एफसी’ ही दोन अक्षरं तर नजरेतून सुटताच कामा नयेत. इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी दाबाखालची हवा, गेली तर व्हॉल्व्ह उघडा पडणार की बंद, ते ती सांगतात. उष्णता बाहेर टाकणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये सहसा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा पडायला हवा आणि स्टीमचा बंद. नेमकं उलटं बसलं, तर हवा गेल्या क्षणी रिअ‍ॅक्टर तापू लागेल.

हॅझॉपच्या, म्हणजे ‘काय बिघडू शकतं’ हे पद्धतशीर तपासणाऱ्या बैठकीच्या, टेबलावर पी अँड आयडी पसरतात ती यासाठीच. ‘इथे उलटा प्रवाह झाला तर?’ असं विचारल्यावर चेक व्हॉल्व्ह आहे की नाही ते दिसायला हवं; पीएफडीत तो बहुधा काढलेलाच नसतो.

तरीही पी अँड आयडी सगळं सांगत नाही. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात 1974 मध्ये ओळीतल्या सहा रिअ‍ॅक्टरपैकी पाचव्याला तडा गेला. तो काढून चौथा आणि सहावा 20 इंची पाइपने जोडले. दोघांची उंची वेगळी, म्हणून पाइपला बाक द्यावे लागले आणि दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे भात्यासारखे लवचीक जोड, होते. या जोडणीचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती, एवढंच. 1 जूनला ती जोडणी फुटली, सायक्लोहेक्झेनच्या ढगाचा स्फोट झाला आणि 28 माणसं गेली. त्यातली 18 कंट्रोल रूममधली होती.

पी अँड आयडी स्केलवर नसते. तिच्यात तो वाकडा पाइप साध्या रेघेसारखा दिसला असता. बाकांवरचा ताण तपासायला आयसोमेट्रिक, म्हणजे पाइपची वळणं आणि मापं दाखवणारं ड्रॉइंग, आणि स्ट्रेसचं गणित लागतं. पण ती रेघ रीतसर काढून मंजुरीला पाठवावी लागली असती, तर ते गणित मागायला निदान एक संधी मिळाली असती. म्हणूनच शटडाऊननंतर, माल आत घेण्याआधी, लाल पेन आणि पी अँड आयडी घेऊन लाइनमागून लाइन चालत जायचं. जिथे कागद आणि पाइप जुळत नाहीत, तिथे खूण करून थांबायचं.