पाँपेईची पाणीपुरवठा व्यवस्था

इटलीतील व्हीसूव्हिअस ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या पाँपेई या रोमन नगरातील पाणी आणण्याची व वाटण्याची व्यवस्था. इ.स. 79 च्या उद्रेकात नगर राखेखाली गाडले गेले. त्यामुळे वाटपघरापासून घरातल्या तोटीपर्यंतची साखळी इथे जवळजवळ सलग पाहायला मिळते. रोमन जलवाहिन्या म्हटले की उंच कमानी डोळ्यांसमोर येतात. पाँपेईत मात्र पाहण्यासारखे आहे ते वाटप.

नगर लाव्हाच्या जुन्या कड्यावर असल्याने पाणी खोल होते. सुमारे 30 मीटरपर्यंत आड खणावे लागत, आणि स्ताबियन स्नानगृहासाठी रहाटाने पाणी उपसत. घरोघरी पावसाचे पाणी साठवण्याची रीत होती. मधल्या चौकाच्या छपराला वर झरोका असे. चारही बाजूंचे पाणी तिथून खालच्या उथळ कुंडात पडे आणि कुंडातून जमिनीखालच्या हौदात जाई. नळ आले तरी हे हौद कोणी बुजवले नाहीत.

रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात सेरिनोच्या झऱ्यांवरून ‘ॲक्वा ऑगस्टा’ ही जलवाहिनी बांधली गेली. नेपल्सच्या आखाताभोवतीची शहरे आणि मिसेनमचे आरमारी ठाणे हिच्या पाण्यावर होते. पाँपेईला पाणी याच वाहिनीच्या फाट्यावरून मिळे, असे बहुतेक अभ्यासक मानत आले आहेत; आव्हेल्लाच्या डोंगरातून वेगळी वाहिनी आली होती, असेही एक मत आहे.

नगराच्या सर्वांत उंच टोकाला, व्हीसूव्हिअस वेशीला लागून, विटांचे वाटपघर आहे. आत गोल दालन असून तिथे पाणी निवळून तीन वाटांनी शिशाच्या नळांत शिरे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हीट्रूव्हिअस याने सार्वजनिक कारंजी, स्नानगृहे आणि खाजगी घरे यांसाठी तीन वेगळे नळ काढावेत असे लिहून ठेवले आहे. त्यामुळे या तीन वाटांचा अर्थ बराच काळ तसाच लावला गेला. पण पुढे एकाच जलस्तंभावरून (माथ्यावर टाकी असलेल्या खांबावरून) कारंज्याला आणि शेजारच्या घरांनाही नळ गेलेले दिसतात. म्हणजे ही वाटणी वापरानुसार नसून नगराच्या भागांनुसार असावी. ग्रंथातला आराखडा जमिनीवर शोधायला गेले की असे होते.

या वेशीपासून दक्षिणेच्या स्ताबियन वेशीपर्यंत 30 मीटरांहून अधिक उतार आहे. पाणी खाली न्यायला काहीच कष्ट नव्हते. प्रश्न होता तो दाबाचा. रोमन नळ म्हणजे शिशाचा पत्रा दांड्याभोवती वाकवून वरची शिवण डाक लावून सांधलेली नळी. तिचा छेद नेमका गोल नसून नासपतीसारखा दिसतो. एवढ्या दाबाने ही शिवणच आधी फाटली असती. म्हणून रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सुमारे 6 मीटर उंचीचे जलस्तंभ उभारले. यांपैकी 14 च्या आसपास ज्ञात आहेत. नळ स्तंभाच्या खाचेतून वर चढे, माथ्यावरच्या शिशाच्या उघड्या टाकीत पाणी सोडी आणि दुसऱ्या नळाने ते खाली उतरे. वरचा दाब तिथेच मोडे. पुढच्या नळाला फक्त त्या स्तंभाच्या उंचीएवढाच दाब सोसावा लागे. टाकीतून ओघळलेल्या पाण्यातल्या चुन्याची पुटे काही स्तंभांच्या अंगावर अजून आहेत.

स्तंभांच्या पायथ्याशी किंवा जवळपास सार्वजनिक कारंजी असत. अशी सुमारे 40 सापडली असून बहुतेकांना पाण्यासाठी फार चालावे लागत नसे. लाव्हाच्या चार उभ्या शिळा लोखंडी पकडींनी जोडून, सांधे शिसे ओतून पक्के केलेले हे हौद. एका बाजूच्या खांबावर कोरलेल्या चेहऱ्याच्या तोंडातून पाणी पडे. धारेच्या दोन्ही बाजूंना कठडा झिजून खोलगट झाला आहे: भांडे भरताना, वाकून पाणी पिताना लोक तिथे हात टेकत. धार अहोरात्र चालू असे आणि ओसंडलेले पाणी रस्त्याने वाहे. रस्ता ओलांडायला मांडलेले उंच दगड पाहिले की पायाखालच्या पाण्याची आणि घाणीची कल्पना येते. आबोन्दान्झा या मुख्य रस्त्याचे आजचे नावही कारंज्यावरूनच पडले. कोरलेल्या देवतेला समृद्धीची देवी समजण्यात आले, ती बहुधा ऐक्याची देवी कॉन्कॉर्डिया होती.

घरात नळ ही श्रीमंतांची चैन होती, आणि तो बहुधा स्वयंपाकघरापेक्षा बागेकडे आधी जाई. वेट्टी बंधूंच्या घरात हातात बदक धरलेल्या मुलांचे कांस्य पुतळे संगमरवरी कुंडांत पाणी सोडत. फाट्यांवर कांस्याच्या तोट्या बसवून प्रवाह बंद करता येई.

शिसे आरोग्याला घातक आहे हे व्हीट्रूव्हिअसला ठाऊक होते. शिशाच्या कारागिरांची फिकट कांती दाखवून त्याने खापरी नळांची शिफारस केली. अर्थात चुनखडीयुक्त पाण्याने नळांच्या आत धरलेल्या थरामुळे पाण्याचा शिशाशी संबंध काहीसा कमी होत असे.

इ.स. 62 च्या सुमारास झालेल्या भूकंपाने हे सारे जाळे विस्कटले, आणि 17 वर्षांनंतरही दुरुस्ती संपली नव्हती. नळांसाठी पदपथांत खणलेले काही चर उत्खननात उघडेच सापडले. ते बुजवले होते ते उद्रेकाच्या पहिल्या तासांत पडलेल्या हलक्या ज्वालामुखी खड्यांनी.